एमजीबीची ऑइल गळती: साठ वर्षांचा मागोवा

इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ साली एमजीबी ही स्पोर्ट्‌स कार बाहेर पडली. ऑक्टोबर १९८० मध्ये कारखान्याला टाळं लागलं, तोवर पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. त्यांतला मोठा हिस्सा अमेरिकेला गेला. परवडणारी, साधी, घरच्या अंगणात खोलता येईल अशी गाडी. त्यामुळे तिच्या इंजिनातून गळणाऱ्या ऑइलचा बंदोबस्तही पहिल्यापासून बऱ्याच मालकांनी स्वतःच केला. या साऱ्या खटपटीत मला एक गोष्ट फार जाणवते. ऑइल कुठून येतंय हे सगळ्यांनी पाहिलं. ते बाहेर का ढकललं जातंय, इकडे मात्र लक्ष उशिरा गेलं.

१७९८ सीसीचं हे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) ‘बी सीरिज’ घराण्यातलं. आपल्या अ‍ॅम्बॅसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिनही त्याच घराण्यातलं, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

सुरुवातीच्या तीन बेअरिंगच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला रबरी सील नव्हतंच. शाफ्टवर उलटे आटे कोरलेले असत; शाफ्ट फिरताना ते ऑइलला परत चेंबरकडे लोटत. इंजिन बंद केलं की लोटणारं कोणी उरत नसे. मग राहिलेलं ऑइल क्लचच्या घरात उतरायचं आणि तळाच्या भोकातून जमिनीवर टपकायचं. ते भोक तुंबू नये म्हणून त्यात एक सैल स्प्लिट पिन लटकत असते. थेंब धरतो तो तिच्याच टोकाला. गाडी उभी केल्यावर असे चार थेंब पडणं हा बिघाड नाही, मूळ रचनाच तशी आहे. हे ठाऊक नसल्याने कित्येकांनी चांगली इंजिनं उगाच उतरवली, याचं मला आजही वाईट वाटतं.

१९६४ मध्ये पाच बेअरिंगचं इंजिन आलं आणि मागे रबरी सीलही आलं. पण हजारो मैलांत सीलची कड शाफ्टवर बारीक चर पाडते. नवं सील त्याच चरावर बसलं, तर सारी मेहनत पाण्यात. तेव्हा सील किंचित पुढे-मागे बसवून कड कोऱ्या धातूवर आणायची किंवा शाफ्टवर पातळ पोलादी बाही चढवायची, हे उपाय रूढ झाले.

घरी काम करणाऱ्यांना मोठा आधार मिळाला तो छापील पुस्तकांचा. जॉन हेन्स यांचं पहिलं वर्कशॉप मॅन्युअल १९६६ मध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइटवर निघालं. गाडी खरोखर खोलून, प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून समजावण्याची त्यांची पद्धत अनेकांना हाती पाना धरायला शिकवून गेली.

वरच्या रॉकर कव्हरचं आणि बाजूच्या टॅपेट कव्हरांचं पॅकिंग कॉर्कचं. गळतंय म्हटलं की माणूस बोल्ट आवळतो, आणि इथेच घात होतो. टॅपेट कव्हर पातळ पत्र्याचं, त्याला मधोमध एकच बोल्ट. जादा आवळला की मधला भाग आत दबतो, कडा उचलल्या जातात आणि गळती वाढते. कव्हर काढून, सपाट ठोकळ्यावर ठेवून कडा हलक्या हाताने सरळ करायच्या, पॅकिंग कव्हरलाच चिकटवायचं आणि बेताने आवळायचं. पुढे सिलिकॉनच्या नळ्या घरोघरी आल्या आणि लोक ती पेस्ट सढळ हाताने थापू लागले. आत दाबली गेलेली पेस्ट सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकते. गळती परवडली, पण हे नको.

आता मूळ मुद्दा. पिस्टनच्या रिंगांतून थोडा गॅस खाली निसटतोच. त्याला वाट मिळाली नाही, तर आत दाब साचतो आणि ऑइल सापडेल त्या फटीतून बाहेर येतं. ही वाट म्हणजे ब्रीदर. अगदी सुरुवातीच्या गाड्यांत हा गॅस त्याच्या उघड्या नळीतून हवेत जाई. १९६४ पासून तो इनटेक मॅनिफोल्डवरच्या व्हॉल्व्हमार्फत परत इंजिनात ओढला जाऊ लागला, तर साठच्या दशकाच्या अखेरीस नळी थेट कार्ब्युरेटरना जोडली गेली. पुढच्या टॅपेट कव्हरवरच्या डब्यात तारेची जाळी असते. वर्षानुवर्षांच्या काजळीने ती दगडासारखी घट्ट होते. ऑइल भरण्याच्या झाकणातही हवेचं फिल्टर असतं, तेही तुंबतं. या गोष्टी साफ केल्यावर तीन-चार ठिकाणची गळती एकदम कमी झालेली अनेक मालकांनी पाहिली आहे.

गळती शोधताना आणखी एक चकवा असतो. धावत्या गाडीत वारा ऑइलला मागे नेतो. रॉकर कव्हरमधून ओघळलेलं ऑइल मागच्या सीलपाशी जाऊन टपकतं आणि दोष सीलच्या माथी येतो. म्हणून इंजिन आधी धुऊन कोरडं करावं, टाल्कम पावडर भुरभुरावी, थोडं चालवावं आणि पहिला ओला डाग सर्वांत वर कुठे उमटतो ते पाहावं.

तुमच्याकडे अशी गाडी असेल, तर इंजिन उतरवायचा बेत करण्याआधी ब्रीदरची नळी, जाळी आणि झाकण तपासा. व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनात त्याचा रबरी पडदाही फाटलेला नाही ना, ते बघा. हा पडदा आजही सुटा मिळतो.