उतरलेले नको, आपल्या हातचे हवे

घरात सुई-दोऱ्याचा डबा नाही असे घर आपल्या वस्तीत शोधून सापडणार नाही. बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा, त्यात दोन-चार रिळे, निरनिराळ्या शर्टांची बटणे, बोथट कात्री आणि एखादी मळकी मापपट्टी. बटण तुटले किंवा गणवेशाची शिवण उसवली की हा डबा फळीवरून खाली येतो आणि काम झाले की परत वर जातो. पण नात्यातले बारसे असो, कुणाचा वाढदिवस असो की शाळेचे स्नेहसंमेलन, आपली पावले थेट बाजाराकडे वळतात. "आपल्याला कुठे शिवता येते?" हे आपले ठरलेले उत्तर.

आमचे रोजचे काम कचेरीतल्या जमाखर्चाचे. रविवार मात्र वस्तीतल्या समाजमंदिरात जातो. २०२० सालच्या टाळेबंदीत घरोघरी जुन्या सुती कपड्याचे मास्क शिवले गेले. ज्यांनी कधी सुईत दोरा ओवला नव्हता, त्यांनीही शिवले. पुढे त्यातल्याच काही भगिनी रविवारी दुपारी समाजमंदिरात शिवण घेऊन बसू लागल्या. आम्हीही त्यांच्यात बसून टाके घालायला शिकलो. त्या अनुभवावरून नवशिक्या भगिनींसाठी, आणि बंधूंसाठीही, चार गोष्टी सांगाव्यात म्हणून हा लेख.

कपडा आणि माणसाचा मान

कुणी म्हणेल, पिशवी-दुपट्याच्या शिवणकामाला एवढे महत्त्व कशाला? आपल्या बाबतीत कपड्याचा प्रश्न कधीच नुसता कपड्याचा नव्हता. मनुस्मृतीने चांडाळाला मृतांच्या अंगावरची वस्त्रे नेमून दिली होती. त्या ग्रंथाचे महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे लुगड्याचा आणि दागिन्यांचा विषय मुद्दाम काढला. ज्या नेसणीवरून आणि ज्या दागिन्यांवरून जात ओळखली जाते ती नेसण आणि ते दागिने सोडा, स्वच्छ राहा, असे त्यांनी सांगितले. आपल्या आज्या-पणज्यांनी ते ऐकले आणि लुगडे घोट्यापर्यंत नेसायला सुरुवात केली.

दोऱ्याचीही तीच कथा. मुंबईच्या अनेक कापड गिरण्यांत विणकाम खात्याचे दार अस्पृश्य कामगारांना बंद होते. धोट्यातून दोरा ओढताना तो तोंडाने चोखून घ्यावा लागे आणि आपल्या माणसाच्या ओठाचा दोरा इतरांना विटाळाचा वाटे. पगार जास्त होता तो नेमका याच खात्यात. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा अन्याय उघड्यावर मांडला. ज्या समाजाला दोऱ्याला ओठ लावू दिला नाही, त्या समाजाच्या घरात आज आई दोऱ्याचे टोक ओठांनी ओलावून सुईत ओवते, ही गोष्ट लहान समजू नये.

जुने वेगळे, उतरलेले वेगळे

इथे एक फरक नीट समजून घेतला पाहिजे. दुसऱ्याने वापरून टाकलेला, उपकार म्हणून दिलेला कपडा म्हणजे उतरलेला कपडा. आपल्याच घरातले आईचे विरलेले लुगडे, वडिलांचा जुना सदरा हे जुने असेल, पण उतरलेले नाही. गोधडी जुन्या कपड्यांचीच असते, तरी ती पांघरताना कुणाला कमीपणा वाटत नाही. भिक्खूंचे चीवरही तुकडे जोडूनच शिवलेले असते. मगधातल्या भातशेताचे बांध पाहून तथागतांनी त्याच धर्तीवर चीवर शिवायला आनंदाला सांगितले, अशी विनयपिटकात कथा आहे. तेव्हा तुकडे जोडण्यात हीनपणा नाही. ते आपण आपल्या मर्जीने, नीटनेटके जोडले की नाही, हा प्रश्न आहे.

आमच्या वस्तीतल्या एक ताई चार घरची धुणीभांडी करतात. मुलगी तिसरीत. ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, तिला शाळेत सावित्रीबाई व्हायचे होते. एका घरच्या मालकिणीने आपल्या मुलीचा जुना नऊवारीचा तयार पोशाख देऊ केला. देणारीच्या मनात वाईट काही नव्हते. पण त्यांची मुलगी त्याच शाळेत, वरच्या वर्गात. तो पोशाख तिने वर्षापूर्वी त्याच मंचावर घातलेला. ताईंनी आभार मानून तो नको म्हटले आणि रविवारी आपल्या आईची सुती साडी घेऊन समाजमंदिरात आल्या. हाती यंत्र नव्हते. चार रात्री बसून त्यांनी हातानेच पोशाख उभा केला. शाळेत बाईंनी विचारले, "कुठून भाड्याने आणलास?" मुलगी म्हणाली, "आजीची साडी आहे. आईने शिवलीय." या उत्तराची किंमत कोणत्या दुकानात लावता येईल?

हात बसेपर्यंत

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिल्याच दिवशी यंत्र विकत घेण्याच्या भानगडीत पडू नये. सुई, सुती दोरा, कपड्यासाठीच राखून ठेवलेली धारदार कात्री, टेप, खडू आणि टाचण्या एवढे पुरे. त्या कात्रीने कागद कापू देऊ नये, धार जाते.

चार टाके आले की बरेच काम भागते. तात्पुरते जोडायला लांब टाक्यांचा कच्चा दोरा, गोधडीला धावदोरा, घट्ट शिवणीसाठी उलटी टीप, म्हणजे पुढे घातलेल्या टाक्याच्या शेवटाशी सुई परत मागे नेऊन घातलेला टाका, आणि कडेला हेमिंग. उलटी टीप बारीक घातली तर ती यंत्राच्या शिवणीइतकी टिकते.

नवे सुती कापड आणले की कापण्यापूर्वी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करावी. न भिजवता शिवलेला कपडा पहिल्या धुण्यात आटतो आणि सगळी मेहनत वाया जाते. कापडाचा उभा धागा ओळखावा. तो किनारीला समांतर असतो. कपड्याची उंची उभ्या धाग्यावर ठेवली तर कपडा नीट लोंबतो. तिरक्या धाग्यावर, म्हणजे उरेब कापले तर कापड ताणले जाते. म्हणून गळ्याला पट्टी लावायची ती उरेब, ती गोलाईवर बसते.

शिवणीच्या बाहेर निदान अर्धा इंच कापड सोडावे. शिंपी याला माया म्हणतात. मुलांच्या कपड्यात तर खालच्या दुमडीत दोन-तीन इंच माया ठेवावी. मूल वाढले की उसवून लांब करता येते.

शेजारी यंत्र असेल तर दोरा न ओवता वहीच्या रेघांवर कागद शिवून पाहावा. पाय आणि हात यांचा मेळ चार दिवसांत बसतो. साध्या सुती कापडाला १४ नंबरची सुई, पातळाला ११, जाडाला १६. खालच्या बाजूला दोऱ्याची जाळी होऊ लागली तर वरचा दोरा काढून पुन्हा नीट ओवावा. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो.

पहिली भेट : पिशवी

नवशिक्याने पहिली भेट पिशवीची करावी. सगळ्या शिवणी सरळ. शिवाय महाराष्ट्रात २०१८ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा कापडी पिशवी कुणालाही उपयोगी.

३६ इंच पन्ह्याचे मांजरपाट किंवा दुसरे जाड सुती कापड अर्धा मीटर घ्यावे. भिजवून वाळवल्यावर त्यातून १५ इंचाचा पट्टा पूर्ण पन्ह्यात कापावा, म्हणजे ३६ बाय १५ चा तुकडा मिळेल. उरलेल्या पट्टीतून ४ इंच रुंदीची पट्टी कापून तिचे १८ इंचांचे दोन भाग करावेत. हे झाले बंद. प्रत्येक बंद चौपदरी दुमडून एक इंचाचा करावा आणि दोन्ही कडांनी शिवावा. मोठा तुकडा मधोमध दुमडून दोन्ही बाजू शिवाव्यात, तोंडाशी दीड इंच दुमड घालावी आणि त्या दुमडीत बंद बसवून चौकोनी फुलीची शिवण मारावी, म्हणजे वजनाने उसवत नाही. साधारण १४ इंच रुंद आणि साडेसोळा इंच उंच पिशवी तयार होते. पन्ह्याच्या किनारी तोंडाशीच आल्याने तिथे धागे निघत नाहीत.

बाजूच्या शिवणींचे धागे निघू नयेत म्हणून दुहेरी शिवण घालावी. आधी कापडाची सुलट बाजू बाहेर ठेवून पाव इंचावर शिवावे, मग पिशवी उलटवून पुन्हा शिवावे. कापलेली कड आतच बंद होते.

बाळासाठी दुपटे आणि कुंची

बाळाला नव्यापेक्षा वापरलेले सुती कापड मऊ लागते. आजीच्या विरलेल्या लुगड्याचे दोन थर, ३६ इंच चौरस, चारी कडा आत दुमडून शिवल्या आणि मध्ये धावदोऱ्याच्या चार रांगा घातल्या की दुपटे झाले. लुगडे आधी उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे.

कुंचीलाही फार कापाकापी लागत नाही. लांबट तुकडा मध्ये दुमडून वरची एकच कड शिवली की डोक्याची टोपी होते, मानेपाशी चार चुण्या घालून नाडी लावली की खालचा भाग पाठीवर पडतो. बाळाच्या कपड्याला टिकल्या, मणी, सुटणारी बटणे लावू नयेत, ती तोंडात जातात. नाडी आखूड ठेवावी आणि झोपवताना कुंची काढून ठेवावी.

शाळेचा पोशाख

ताईंनी केले ते कुणालाही जमेल. मुलीची कमर आणि कमरेपासून घोट्यापर्यंतची उंची मापावी. साडी कापायची नाही. ती पन्ह्यात दुमडून त्या उंचीची करावी आणि दुमड कच्च्या दोऱ्याने धरावी. पुढच्या निऱ्या आणि मागचा काष्टा मुलीच्या अंगावर जुळवून, कमरेच्या पट्ट्याला टाके घालून पक्के करावेत. पट्ट्याला नाडी ठेवावी, म्हणजे मुलीला मंचावर पळता येते आणि निऱ्या सुटत नाहीत. कार्यक्रम झाला की टाके उसवावेत. साडी होती तशी परत मिळते.

पोलक्यासाठी मुलीच्या अंगाला नीट बसणारे जुने पोलके वर्तमानपत्रावर पसरून पेन्सिलीने कड काढावी, चोहीकडे मायेचा अर्धा इंच वाढवावा आणि तो कागदी नमुना कापडावर ठेवून कापावे. मापे घेऊन गणित करण्यापेक्षा नवशिक्याला हा मार्ग सोपा पडतो.

आणखी एक. पोशाख शिवता शिवता मुलीला सांगावे की या बाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकला गेला. नाहीतर पोशाख म्हणजे नुसते सोंग होते.

जमाखर्च

आम्ही जमाखर्चाची माणसे, म्हणून हिशेबही सांगतो. घरी शिवले की सगळेच स्वस्त पडते असे नाही. नवे कापड आणून शर्ट शिवायचा तर तयार शर्ट पुष्कळदा कमी पैशांत मिळतो, आणि नवशिक्याचे कापड बिघडण्याची जोखीम वेगळीच. शर्टाच्या वाटेला वर्षभर जाऊच नये. पिशवी, दुपटे, कुंची, उशीचे अभ्रे आणि घरच्या साडीचा पोशाख यांत मात्र बचत ठरलेली. एका दिवसाच्या पोशाखाला भाडे आणि अनामत रक्कम भरण्यासाठी उसनवारी करणाऱ्या आया आम्ही पाहिल्या आहेत. ती उसनवारी टळते, ही जमेची मोठी बाजू.

वेळही खर्चात धरावा. तो खर्च एकट्या बाईच्याच खात्यावर का पडावा? दुकानात बसणारा शिंपी पुरुषच असतो, तिथे कुणाला लाज वाटत नाही. मग घरात मुलाने सुई धरली तर हसू का यावे? मुलगा असो वा मुलगी, दहाव्या वर्षापर्यंत बटण लावता आणि उसवलेली शिवण घालता आलीच पाहिजे. पुढे ज्याला हीच वाट धरायची असेल त्याला आयटीआयमध्ये शिवणकामाचे रीतसर शिक्षण मिळते.

शेवटी एवढेच. भेट देताना "काही नाही, घरीच शिवलंय" असे खाली मान घालून म्हणू नका. धागे कापून, इस्त्री करून, स्वच्छ कागदात घडी घालून द्या आणि "मी शिवलंय" असे सांगा. टाका वाकडा असेल तर पुढचा सरळ येईल. या रविवारी तो डबा फळीवरून काढा, अर्धा मीटर मांजरपाट भिजत घाला आणि पहिली पिशवी कुणाला द्यायची ते घरात बसून ठरवा.