नगराची सत्ता आणि विमानाचा आवाज

रात्री शेजारच्या मांडवातील कर्णा थांबेनासा झाला, तर काय करावे हे नागरिकाला ठाऊक असते. पोलीसचौकी जवळ असते आणि २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम त्याच्या बाजूचे असतात. निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही त्या नियमांनी घातलेली मर्यादा होय. परंतु झोपमोड करणारा आवाज छपरावरून जाणाऱ्या विमानाचा असेल, तर दाद मागावी कोणाकडे?

फरीदाबादचे उदाहरण घेऊ. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या कष्टांतून उभे राहिलेले हे हरियाणातील उद्योगनगर. त्याच्या वायव्येस दिल्लीचा पालम विमानतळ आहे. आग्नेयेस, यमुनेपलीकडे, उत्तर प्रदेशातील जेवर येथे २०२१ साली दुसऱ्या विमानतळाची पायाभरणी झाली. दोन्ही जागा नगराच्याच काय, राज्याच्याही हद्दीबाहेरच्या.

विमानतळ हद्दीत असता, तरी फारसा फरक पडला नसता. राज्यघटनेच्या संघसूचीतील एकोणतिसाव्या नोंदीने विमाने, हवाई मार्ग आणि त्यांवरील वाहतूक यांचे नियमन केंद्राकडे सोपविले आहे. महानगरपालिकेने कितीही ठराव केले, तरी विमानाची वाट बदलत नाही. ही व्यवस्था सर्वस्वी अन्यायाची आहे असेही नाही. वाटेवरच्या प्रत्येक शहराने आपापले वेळापत्रक लादले, तर विमानाने उडावे कधी? अमेरिकेतील बरबँक नगराने रात्री अकरा ते सकाळी सात जेट विमानांच्या उड्डाणास मनाई केली होती. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली ती रद्दबातल ठरविली. मात्र पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने. प्रश्नाला दुसरी बाजू होती, हे त्या चार न्यायमूर्तींनाही जाणवले होते.

आपल्याकडे केंद्राने २०१८ साली विमानतळांभोवतीच्या क्षेत्रासाठी निराळी मर्यादा आखली. गजबजलेल्या विमानतळाभोवती ती दिवसा ७० व रात्री ६५ डेसिबल आहे. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटतो. म्हणजे रात्रीच्या ४५ आणि ६५ यांतले अंतर कागदावर वीस अंकांचे, पण कानाला चौपटीचे.

मग नगराच्या हाती उरते काय? उरते ती जमीन. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगररचना, जमिनीचा वापर आणि बांधकामाचे नियमन हे विषय नगरसंस्थांसाठी नमूद केले. हा अधिकारही निर्भेळ नाही. फरीदाबादेत तो राज्याचे नगररचना खाते, महानगर विकास प्राधिकरण आणि महानगरपालिका यांच्यात वाटला गेला आहे. तरीही गोंगाटाच्या पट्ट्यात गोदामे व कारखाने असावेत, आणि शाळा, रुग्णालये व घरे दूर असावीत, हे ठरविणे भूमीवरील सत्तेचेच काम आहे. बांधकामाची परवानगी एकदाच दिली जाते. तिचा आवाज मात्र पिढ्यान्‌पिढ्या ऐकावा लागतो.

विमानाची वाट वळविणे नगराच्या हाती नाही. त्या वाटेखाली पाळणा न बांधणे मात्र आहे. आणि ते वीट रचण्यापूर्वीच करावयाचे असते.