खाऱ्या पाण्यातले बिऱ्हाड

माझे बालपण दर्यापूर तालुक्यातल्या खारपाणपट्ट्यात गेले. पूर्णेच्या खोऱ्यातला हा टापू अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला आहे. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नसे. "खाऱ्या पान्यात काय जगते रे बापा?" असे आई म्हणायची. उत्तर मिळाले ते बँकेने मालवणला बदली केली तेव्हा.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्रात प्रवाळ आहेत. १९८७ साली तिथले २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य झाले. एका रविवारी डोळ्यांना काच लावून मी पाण्यात डोके घातले. खाली फुलपाखरू माशांची जोडी प्रवाळ टोचीत फिरत होती.

शास्त्रीय नाव कीटोडॉन कोलारे. ओळख सोपी आहे. अंग थाळीसारखे चपटे, वीतभराहून लहान. रंग काळपट तपकिरी, खवल्याखवल्यावर फिकट ठिपका. डोळ्यामागून उतरणारा पांढरा पट्टा आणि शेपटीला लालभडक रंग. तोंड चिमुकले, पुढे आलेले. प्रवाळाचे मऊ जीव खुडायला असेच तोंड हवे. दिवसा हे मासे जोडीने नाहीतर घोळक्याने चरतात, रात्री खडकाच्या कपारीत शिरतात. घर आणि शेत एकच.

निवृत्तीनंतर अमरावतीत मी काचेची टाकी केली आणि अशीच एक जोडी आणली. "साहेब, हा मासा टिकत नाही," असे दुकानदाराने बजावले होते. मी मीठ मोजून घातले, पाणी तपासले. विकतच्या खाद्याला दोघांनी तोंड लावले नाही. नवव्या दिवशी एक गेला, तिसऱ्या दिवशी दुसरा. पीककर्ज मंजूर करताना मी सातबारा पाहिल्याशिवाय सही केली नाही. माशाचे शेत मात्र पाहिले नाही.

आता ते शेतच धोक्यात आहे. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते आणि त्याला अन्न पुरवते. पाणी फार तापले की ही सोबत तुटते, प्रवाळ पांढरे पडते आणि उष्मा लांबला तर मरते. १९९८, २०१० आणि २०१६ साली भारताच्या समुद्रांनी हे पाहिले. अकोल्याच्या मे महिन्यात आपण कूलरसमोर सरकून बसतो. प्रवाळाला जागचे हलता येत नाही.

टाकी अजून रिकामीच आहे. नात विचारते, "आबा, मासे कधी आणता?" मी तिला म्हटले, "आणायचे नाहीत बाई, आपणच मालवणला जाऊ." लवकर जायला हवे.