लढवय्या चिखलात, जादूगार हवेत: क्लास बॅलन्स करायचा कसा?

आजचा भाग टेबलाभोवती बसून, फासे टाकून फँटसी आरपीजी खेळणाऱ्यांसाठी. आणि उदाहरण थेट आपल्या खडकीचं.

आधी भांडण काय ते बघू. लढवय्या म्हणतो, "मी ही भिंत उडी मारून ओलांडतो." गेम मास्टर म्हणतो, "चिलखत घालून? खरं वाटत नाही." पुढच्याच टर्नला जादूगार हवेत उडतो. त्याला कोणीच अडवत नाही, कारण काय, तर "जादू आहे ना!" म्हणजे खरेपणाचा टॅक्स एकट्या लढवय्याने भरायचा. असं दोन-तीनदा झालं, की तो मित्र म्हणतो "या रविवारी काम आहे," आणि ग्रुप मोडतो.

दुखणं जुनं आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला १९७४ मध्ये. त्यात पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला दिवसाला एकच मंत्र. पण पाचव्या लेव्हलला फायरबॉल मिळाला, की तो घोळकाच्या घोळका उडवणार आणि लढवय्या तलवारच फिरवत बसणार. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने सगळ्यांना एकाच साच्यातल्या पॉवर दिल्या: काही कधीही वापरा, काही चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदा. बॅलन्स बराच जमला, पण अनेकांना सगळे क्लास सारखेच वाटायला लागले.

मग करायचं काय? चला १८१७ च्या खडकीत. ५ नोव्हेंबर. समोर इंग्रजांची फौज, तीन हजारांच्या आत. पेशव्यांचं सैन्य त्याच्या कितीतरी पट. सेनापती बापू गोखले, आणि भरवशाचं घोडदळ. कॅरेक्टर शीटवर बघाल तर घोडदळच जिंकणार! पण इंग्रजांच्या रांगेपुढे दलदल होती. भरधाव घोडे तिच्यात अडकले, रांगा मोडल्या, समोरून बंदुका सुरूच. हल्ला फसला.

घोडदळ हा 'वीक क्लास' होता का? अजिबात नाही. जागा चुकली. आपल्या कामाचा मुद्दा हाच आहे: बॅलन्स फक्त आकड्यांत नसतो, तो प्रसंगातही असतो.

आता हीच लढाई टेबलवर मांडा. मोकळ्या मैदानात घोडेस्वार दुप्पट धावेल, चिखलात निम्मा. बंदूकवाला एक बार काढेल, मग पुन्हा बार भरण्यात त्याचा एक टर्न जाईल. जादूगारही त्याच चिखलात उभा आहे, तेव्हा मंत्र म्हणताना तोल सांभाळायला त्यालाही फासा टाकू दे. आणि हेर? त्याचा डॅमेज सगळ्यात कमी. पण आदल्या रात्री दलदल शोधून आला, तर पूर्ण लढाई तोच फिरवेल.

तर लक्षात ठेवायच्या गोष्टी तीन. एक, खरेपणाचा नियम लावायचा तर सगळ्यांना लावा, जादूलाही. दोन, नियम "तुला जमणार नाही" असं सांगणारा नको, "जमेल, पण किंमत काय?" असं विचारणारा हवा. तीन, प्रत्येक सेशनमध्ये जमीन, हवामान, शत्रू बदलत राहा, म्हणजे प्रत्येक क्लासची पाळी येईल.

सेशन संपल्यावर एकच प्रश्न विचारा: "आज तुझ्यामुळे काय बदललं?" सगळ्यांकडे उत्तर असेल, तर तुमचा बॅलन्स बरोबर आहे. तुमच्या टेबलवरची भांडणं कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!