काचीगुड्याला उतरलेला पाहुणा

धर्माबाद गेलं की बासर येतं आणि बासर सोडलं की गोदावरीचा पूल. पुलावर निम्मा डबा खिडकीकडे सरकतो, हात जोडतो, नाणी टाकतो. 1986 साली मीटरगेजच्या गाडीने पहिल्यांदा निघालो, तेव्हा समोरच्या आजीबाईंनी माझ्या मुठीत चार आणे कोंबले होते. "टाक बाबा, शिकायला चाललास." या खेपेला रुपया टाकला. रूळ रुंद झालेत, गाडीला घाई असते. नाणं पाण्यात पडलं की पुलाच्या लोखंडावर, कळलं नाही.

नांदेड-लातूरकडच्या माणसाला हैदराबाद आपलं की परकं, हे त्याच्या वयावर ठरतं. माझ्या आजोबांची ती राजधानी. नांदेड निजामाच्या राज्यातला जिल्हा, लातूर उस्मानाबादेतला तालुका. लातूरला जिल्हा व्हायला 1982 उजाडावं लागलं. आजोबा पेशीला हैदराबादला जात, उर्दूत सही करत. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा निजामाच्या आणि इंग्रजांच्या रुपयाचा हिशेब त्यांना पाढ्यासारखा पाठ. 17 सप्टेंबर 1948 ला निजामी संपली. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आजोबांची राजधानी परराज्यात गेली. वडिलांसाठी ती मोठ्या दुखण्याच्या दवाखान्यापुरती उरली. मला मात्र ती तीन वर्षं घर झाली.

काचीगुडा स्टेशन अजून तसंच आहे. 1916 सालची घुमटांची, मिनारांची इमारत. नवख्याला ती कुणा नवाबाची देवडी वाटावी. लॉजवरच्या पोराने विचारलं, "कहाँ से आरै साब?" नांदेड म्हणताच त्याचा चेहरा उजळला. "अच्छा, गुरुद्वारेवाला नांदेड!" आमच्या वेळी याच प्रश्नावर "मरहटवाडी के हैं क्या?" असं पुढचं वाक्य यायचं. त्यात थोडी थट्टा असे, पण ओळखही असे. आता मी यात्रेच्या गावाहून आलेला गिऱ्हाईक. आधार कार्ड दाखवलं, किल्ली घेतली.

मराठी हैदराबाद बघायचं तर चारमिनारला नव्हे, कोठीला जावं. कोठी म्हणजे इंग्रज रेसिडेंटची कोठी. भोवतालचा रेसिडेन्सी बाजार 1933 पर्यंत इंग्रजांच्या अंमलाखाली होता, निजामाचा कायदा तिथे चालत नसे. पुढे तो निजामाकडे परत आला आणि सुलतान बाजार झाला. शहरात सभा घ्यायला परवानगी मिळवताना दमछाक व्हायची. इथे तोंड उघडता येई. म्हणून 1901 साली तेलुगू मंडळींनी आपलं श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम इथेच काढलं आणि मराठी मंडळीही याच आसऱ्याला आली. जवळच जांबागेत विवेकवर्धिनी शाळा. ती उभी करणाऱ्या पिढीतले केशवराव कोरटकर मूळचे वसमतजवळच्या पुरजळचे. वकिलीला आले, हैदराबादचे झाले, हायकोर्टाचे न्यायाधीश झाले.

आमची खोली बडी चावडीच्या एका गल्लीत होती. सोबती लातूरचा. गंजगोलाईशिवाय दुसरा बाजारच त्याच्या डोळ्यांत भरत नसे. सुलतान बाजारच्या गर्दीलाही तो "हे काय, आमची गोलाई बघा" म्हणायचा. दिवाळीनंतर तो एसटीने यायचा, गौळीगुड्याच्या स्टँडवर. ती लोखंडी कमानीची अवाढव्य शेड मुळात विमानांसाठी होती म्हणतात. त्याच्या पिशवीत ज्वारीचं पीठ, कारळाची चटणी आणि येसर. भात खाऊन खाऊन जीव कंटाळला की रात्री स्टोव्हवर भाकरी. दोघांनाही थापता येत नसे. तव्यावर नकाशे पडायचे आणि कुठला तुकडा कोणत्या जिल्ह्यासारखा यावर भांडण. ती शेड 2018 च्या पावसाळ्यात कोसळली. बडी चावडीवर आता मेट्रोचे खांब आहेत, 2020 पासून डोक्यावरून गाडी धावते. गल्ली सापडली, घर सापडलं नाही. त्या जागी जिन्यापर्यंत साड्या टांगलेल्या होत्या. दुकानदाराने मोठ्या आशेने एक उलगडून दाखवली आणि मी उगाच भाव विचारला.

चहा मात्र चुकला नाही. इराण्याकडे डिकॉक्शन वेगळं, आटवलेलं दूध वेगळं; कपात आधी दूध, वरून तांबूस धार. उस्मानिया बिस्कीट गोडही लागतं, खारटही. बुडवताना क्षण चुकला की तळाशी. गल्ल्यावर "हौ", "नक्को", "कायकू" चाललं होतं. पुणेकर या बोलीला हसतात, नांदेडकराला ती इतवाऱ्यातली वाटते.

मुसीच्या काठी सिटी कॉलेज आहे. कळमनुरीकडचे नरहर कुरुंदकर इथे शिकायला आले ते मामांकडे, उस्मानियात मराठी शिकवणाऱ्या ना. गो. नांदापूरकरांकडे. परीक्षांशी त्यांचं फारसं जमलं नाही. पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे ते प्राचार्य झाले आणि उभा महाराष्ट्र त्यांना ऐकायला बसला. कॉलेजच्या फाटकाशी मी थोडा वेळ उभा राहिलो. पहारेकऱ्याने काम विचारलं, मला सांगता आलं नाही.

मग बेगमपेठ. तीन वर्षं राहून तिथे कधी गेलो नव्हतो, हे कबूल केलं पाहिजे. हैदराबाद मुक्तीचा लढा लढवणारे स्वामी रामानंद तीर्थ 22 जानेवारी 1972 ला याच शहरात गेले आणि त्यांची समाधी बेगमपेठेत आहे. आमच्या नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचं नाव. रिक्षावाल्याला पत्ता समजावताना मला घाम फुटला. आधी त्याने मला एका दवाखान्यापुढे नेऊन उभं केलं. नांदेडहून आलेला उतारू, म्हणजे दवाखानाच शोधत असणार.

त्याचंही बरोबर आहे. मराठवाड्याची माणसं आता इथे दुखणं घेऊन येतात, नाहीतर कागद शोधायला. कुणबी नोंदींसाठी नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीलाही निजामकाळातली दफ्तरं बघायला हैदराबाद गाठावं लागलं, आणि 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयानंतर 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द पारापारावर गेला. नांदेडचा रेल्वे विभाग ज्या झोनमध्ये येतो, त्याचं मुख्यालय तर अजून सिकंदराबादेत. नवी गाडी हवी की निवेदन तिकडे जातं. आजोबा पेशीला जायचे, आपण निवेदनाला जातो.

परतीच्या संध्याकाळी नारायणगुड्याच्या रस्त्याकडेला एक बाई भाकऱ्या थापत बसलेली दिसली. जोन्नरोट्टे म्हणतात इथे. पूर्वी शोधून सापडत नसे ती ज्वारीची भाकरी आता हातगाड्यांवर मिळते, शुगरवाल्यांची रांग लागते. बाईंचा हात बघत राहिलो: पाण्याचा एक हबका, तीन-चार थापट्या, कडेला चीर नाही, तव्यावर पडताच नीट गोल. दोन बांधून घेतल्या, मोबाईलवर फोटो काढून लातूरच्या सोबत्याला पाठवला.

गाडी काचीगुड्यातून सुटली तेव्हा उत्तर आलं. "पापुद्रा सुटलाय का बघ. आणि दोन बांधून आण."

निजामाबाद यायच्या आत मी दोन्ही खाल्ल्या होत्या.