मुलगा चांगला पुरुष कसा होतो?



आदिवासी भागाविषयी बोलताना मुलींचे शिक्षण, त्यांचे आरोग्य आणि लहान वयातली लग्ने यांबद्दल आपण बरेच बोलतो. ते आवश्यकच आहे. पण या मुली ज्यांच्याबरोबर उद्या संसार करणार, ते मुलगे कसे वाढत आहेत, हे आपण क्वचितच विचारतो. गडचिरोली जिल्ह्याच्या उदाहरणावरून हा प्रश्न समजून घेऊ या.

दुर्गम गावातला मुलगा पुष्कळदा सहा-सात वर्षांचा असतानाच आश्रमशाळेत जातो. तिथे शिक्षण, जेवण आणि राहण्याची सोय होते. ही मोठी गोष्ट आहे. मात्र आईवडिलांचे कष्ट रोज पाहण्याची आणि त्यात हात लावण्याची संधी त्याला मिळत नाही. घडणीची वर्षे बरोबरीच्या मुलांमध्येच जातात. मोठा पुरुष कसा असतो, हे तो शिक्षकांकडे आणि अधीक्षकांकडे पाहून शिकतो. ते रागावल्यावर काय करतात, स्वयंपाकाच्या मावशींशी कसे बोलतात, हाच त्याचा खरा धडा असतो.

शाळा संपली किंवा मध्येच सुटली, की तो गावी परततो. मिरची तोडायला तेलंगणात जातो, उन्हाळ्यात तेंदूपत्ता गोळा करतो. हातात पहिली मजुरी पडते. आता आपण मोठे झालो, हे दाखवायचे कसे? सोबती खर्रा पुढे करतात, नंतर दारू. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीमुळे 1993 पासून दारूबंदी आहे आणि तिचे मोल मोठे आहे. पण कायदा दुकान बंद करू शकतो; ‘मर्द’ कोणाला म्हणायचे, या प्रश्नाचे उत्तर तो देत नाही. ते उत्तर मुलाच्या आसपासच्या माणसांनाच द्यावे लागते. नुसते उपदेश करून ते पोहोचत नाही. मुलावर कोणाची तरी जबाबदारी सोपवली, तरच पोहोचते.

पहिली जबाबदारी घरातली. पाणी भरणे, सरपण आणणे, धाकट्या भावंडाला जेवू घालणे ही कामे बहिणीचीच, असे लहानपणी मनात बसले, की पुढे बायकोचे कष्ट दिसेनासे होतात. सुट्टीत घरी आलेल्या मुलाला पाहुण्यासारखे बसवून ठेवू नये. त्याला कामाचा वाटा द्यावा.

दुसरी जबाबदारी शरीराविषयीच्या ज्ञानाची. माडिया आणि गोंड समाजाच्या अनेक गावांत पाळीच्या दिवसांत स्त्रिया कुर्माघरात राहतात. पावसाळ्यात तिथे ओल असते, साप-विंचवाची भीती असते. आपली बहीण तिथे का राहते, हे भावाला सहसा कोणी सांगत नाही. ज्याला कारण ठाऊक नाही, तो थट्टा करतो किंवा तोंड फिरवतो. डॉ. राणी बंग यांच्या ‘तारुण्यभान’ शिबिरांमध्ये तरुण मुलामुलींशी या विषयांवर मोकळेपणाने बोलले जाते. तसे बोलणे गावोगाव व्हायला हवे. 2006 च्या कायद्यानुसार लग्नासाठी मुलीला 18 आणि मुलाला 21 वर्षे पूर्ण असावी लागतात. हेही मुलग्यांना स्पष्टपणे सांगायला हवे.

तिसरी जबाबदारी गावाची. गोटूल ही गोंड समाजाची जुनी व्यवस्था. तरुणांनी वडीलधाऱ्यांकडून गावाची रीत शिकण्याची ती जागा. आज ग्रामसभाही तशी जागा होऊ शकते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावात निर्णय बहुमताने न होता सर्वांच्या सहमतीने होतात, आणि स्त्रियांचा शब्द तितकाच मोलाचा असतो. गावाने अभ्यासगट चालवले आणि 2009 मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. मतदार यादीत नाव आले, की तरुण आपोआप ग्रामसभेचा सदस्य होतो. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात दारूबाबत निर्णय घेण्याचा अधिकारही गावाला दिला आहे. ज्या मुलाने सभेत आईच्या वयाच्या बाईचे म्हणणे शांतपणे ऐकले आणि दारूविक्रीविरुद्ध हात वर केला, त्याला आपण मोठे झालो हे दाखवण्यासाठी बाटलीची गरज उरत नाही.

आपण काय करू शकतो? वह्या-पुस्तकांसाठी मदत देताना वसतिगृहात मुलांशी बोलायला चांगला, निर्व्यसनी मोठा माणूस आहे का, हेही विचारा. सुट्टीतल्या शिबिरांना हातभार लावा. मंडळीतील पुरुषांनी वर्षातून काही दिवस तरी या मुलांसोबत राहावे, त्यांच्याबरोबर खेळावे आणि जेवणानंतर स्वतःचे ताट स्वतः घासावे. मुले ते बरोबर पाहतात.

आणि आपल्या घरातल्या मुलग्यांकडेही लक्ष असू द्या. शहरातल्या मुलालाही कोणीतरी ‘पाणी तूच भर’ असे सांगावेच लागते. मुलींसाठी आपण जशी आठवणीने प्रार्थना करतो, तशीच या मुलग्यांसाठीही करू या.