जुन्या फियाटचे पॉईंट बदलावेत काय?

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर कंपनीची फियाट आमच्यासारख्या काही कापडवाल्यांनी मंगळवेढ्यात अजून जपली आहे. ती रस्त्यात अडली की पुष्कळदा दोष पॉईंटचा निघतो. डिस्ट्रिब्युटरमधले पॉईंट उघडले की कॉईलचा करंट तुटतो आणि प्लगला ठिणगी मिळते. पण पॉईंट घासतात, जळतात. गॅप बदलला की टायमिंग हलते व पेट्रोल वाया जाते. इलेक्ट्रॉनिक किटमध्ये हेच काम चुंबक व सेन्सर करतात. घासायला काही नाही, म्हणून गॅप लावण्याची कटकटही नाही.

घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. बॅटरीची निगेटिव्ह बाजू बॉडीला आहे ना? कॉईलचे ओहम किटला जुळतात ना? डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट ढिला नाही ना? ढिला असेल तर आधी तो दुरुस्त करावा. किट बसवल्यावर टायमिंग पुन्हा लावावे. इंजिन बंद असता चावी चालू ठेवू नये. कॉईल तापते, किटही जळू शकते.

किट बिघडले तर रस्त्यात दुरुस्त होत नाही, आणि सोलापूर पन्नासेक किलोमीटर दूर. म्हणून जुने पॉईंट-कंडेन्सर डिकीत ठेवावेत. आमच्या मिस्त्री बांधवांनीही हे काम शिकून घ्यावे. पॉईंट घासण्याची मजुरी गेली, तरी जाणत्या हाताला गिऱ्हाईक राहीलच.